चेष्टा

"मजुमदार होये बांगला जानेन ना?"

टेबलापलीकडच्या माणसाने असं विचारलं आणि खोलीतली चार-पाच माणसं हसली. दिगंबरराव मुजुमदारांना एवढं बंगाली कळत होतं, कारण कलकत्त्यात आल्यापासून बारा वर्षं हाच प्रश्न त्यांच्या कानांवर आदळत होता. मजुमदार असून बंगाली येत नाही? ट्रामच्या कंडक्टरने विचारलं होतं, रेशनवाल्याने विचारलं होतं. त्यांची बायको नलिनी गेली त्या दिवशी घाटावर नाव लिहून घेणाऱ्यानेसुद्धा विचारलं होतं. आपल्याकडचे मुजुमदार वेगळे आणि तुमच्याकडचे मजुमदार वेगळे, हे समजावून सांगायची त्यांची हौस केव्हाच फिटली होती. पण आज गरज त्यांची होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसा अभिमानही ठेवून चालत नाही. ते नम्रपणे हिंदीत म्हणाले, "हम मराठी है. सातारा साइड. बंगाली पढ़ना नहीं आता."

"बुझेछि, बुझेछि," तो माणूस हसून म्हणाला. समजलं, समजलं!

काही समजलं नव्हतं. निखिलेश सान्याल हे त्याचं नाव. लहानपणी देवी येऊन त्याचे दोन्ही डोळे गेले होते. बागबाजारच्या एका गल्लीत, छापखान्याच्या वरच्या खोलीत त्याने 'स्पर्शलिपी संघ' उभा केला होता. डोळस माणसांनी आपला वेळ काढून यायचं, पुस्तकं जाड कागदावर टोचून ठिपक्यांच्या लिपीत उतरवायची आणि मागेल त्या आंधळ्या माणसाला फुकट द्यायची. ज्याला हवी त्याने त्यांची आणखी नक्कल करावी. कुणाची मालकी नाही, कुणाचं नाव नाही. काम खरोखरच मोठं होतं, आणि मोठं काम करणाऱ्या माणसांना नव्या माणसाचा येतो तसा कंटाळाही निखिलेशबाबूंना आला होता. दर वर्षी दुर्गापूजेच्या आधी दया दाटून आलेली मंडळी यायची, तेच तेच प्रश्न विचारून डोकं पिकवायची आणि भाऊबीज होते न होते तोच दिसेनाशी व्हायची. म्हणून दारावर पाटी लावली होती: आधी पुस्तिका वाचा, मग प्रश्न विचारा. ती पाटीही बंगालीत होती.

त्यातून निखिलेशबाबूंचा एक जुना राग होता. दिल्ली-कानपूरला वाढलेले काही बंगाली मायबोली येत असूनही येत नाही असं दाखवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. मजुमदार नावाचा हा हिंदी बोलणारा माणूस त्यांनी त्याच खणात टाकून दिला. खाचांची पितळी पट्टी, लाकडी मुठीचा टोचा आणि बंगाली पुस्तिका त्यांनी पुढे सरकवली आणि ते दुसऱ्या कामाला लागले.

दिगंबररावांनीही सगळं कुठे सांगितलं? "कुणासाठी शिकायचंय?" असं एका बाईंनी विचारलं, तेव्हा ते "आहे एक ओळखीचा माणूस," एवढंच बोलले.

तो ओळखीचा माणूस ते स्वतःच होते. आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड मारून, दिवा बाजूला ठेवून, टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले होते. काचबिंदू. उजवा डोळा गेल्यातच जमा, डाव्याचं वर्षभर सांगता येईल, पुढचं नाही. दिगंबरराव बाहेर येऊन एस्प्लनेडच्या गर्दीत उभे राहिले. फुटपाथवर एक माणूस रुमाल विकत होता, त्या रुमालांच्या काठांवरची निळी फुलं त्यांना अगदी स्वच्छ दिसत होती. एवढं दिसतंय आणि डॉक्टर असं कसं म्हणतात, हेच त्यांना कळेना. चार ट्रामा समोरून गेल्या तरी ते एकीतही चढले नाहीत.

एका सरकारी कचेरीत वरिष्ठ कारकून. वय त्रेपन्न. शिंप्याकडे वर्षातून एकदा, भांडण कुणाशी नाही, नजरेत भरावं असं काही नाही. या माणसाच्या आयुष्यात भरजरी असं जे होतं, ते सगळं नलिनीने आणलेलं. मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी तिची नाटुकली व्हायची. लिहायची ती, बसवायची ती, आणि ऐन वेळी कुणी आजारी पडलं तर मिशा लावून उभीही राहायची ती. बंगालीही घरात तिचंच खातं होतं. बाजार, शेजार, मुलीची, कालिंदीची, शाळा, सगळं तिने बोलून निभावलं. दिगंबररावांची कचेरी इंग्रजीत चालायची आणि घर नलिनीच्या जिवावर. त्यामुळे त्यांची भाषेची पाटी कोरीच राहिली.

नाटुकली ती पेन्सिलीने लिहायची, मिळेल त्या कागदावर. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला आणि मांजराचे कुत्र्याला. त्यातून निम्मे शब्द अर्धेच. ते वाचता येणारा जगात एकच माणूस होता, तो म्हणजे तिची तालमीची प्रत काढणारा नवरा. प्रत काढताना तो हळूच एक लबाडी करायचा. नाटकातल्या बावळट नवऱ्याची वाक्यं आपल्यावरून घेतली आहेत असं दिसलं की ती गाळायचा. तालमीत नलिनीच्या ते लक्षात यायचं, आणि ती सगळ्यांसमोर म्हणायची, "कारकुनाने ऑडिट केलंय वाटतं!" वाक्य परत जागेवर जायचं, आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त हसायचा तोच.

तालमीच्या प्रती हात लागेल त्याने नेल्या, हरवल्या. नलिनी गेल्यावर उरलं ते एक पत्र्याची पेटी भरून पेन्सिलीचं लिखाण. डोळे गेले की ते वाचणारं कुणीच राहणार नव्हतं. कालिंदी आठ वर्षांची असताना इकडे आली, शिकली बंगाली शाळेत. छापील मराठी ती अडखळत वाचायची, आईचं अक्षर तिला लागणं शक्यच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दिगंबररावांना नलिनीचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंच नव्हतं. डोळे आहेत तोवर सगळं ठिपक्यांत उतरवून ठेवायचं, बोटांनी वाचायला पुढे जन्म पडलाय, असा त्यांचा साधा हिशेब होता.

कालिंदीला मात्र त्यांनी सांगितलं नाही. तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. आई गेली ते वर्ष तिने कसं काढलं हे त्यांनी पाहिलं होतं. परीक्षा होईपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. म्हणून पुस्तिका घरी बाहेर निघाली नाही. जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या जुन्या कागदांच्या खोलीत बसून ते शिकू लागले. पुस्तिकेच्या मधल्या पानावर अक्षरांचा तक्ता होता. क, ख, ग ही बंगाली अक्षरं त्यांना ट्रामवरच्या नावांमुळे ओळखू यायची. आणि ही लिपी आपल्या सगळ्या भाषांना एकच, बंगाली क आणि मराठी क यांचे ठिपके सारखेच, हे त्यांना ठाऊक होतं. आधीच्या पानांवरचा बंगाली मजकूर कसल्या तरी प्रस्तावनेचा असावा, असं समजून त्यांनी तो सोडून दिला.

तरी एक शंका राहिली. टोचल्यावर खड्डा वर पडतो आणि उंचवटा खाली येतो. मग पान नेमकं धरायचं कसं? सुरुवात कुठून? शंका चांगली होती, आणि ती विचारायला ते पुढच्या शनिवारी मुद्दाम संघात गेले. पूजा तोंडावर आली होती. गठ्ठे बांधणं चाललं होतं, मुढीचा, म्हणजे चुरमुऱ्यांचा, आणि मिरच्यांचा कागदी ठोंगा हातोहात फिरत होता. दिगंबरराव बराच वेळ उभे राहिले. शेवटी म्हणाले, "पन्ना कहाँ से शुरू करना? कौन साइड?"

"किताब में है," निखिलेशबाबू म्हणाले.

"किताब बंगाली में है."

कुणीतरी फिसकन हसलं. निखिलेशबाबूंच्या कपाळाला आठी पडली. हा तोच मजुमदार! ते मान वर न करता म्हणाले, "आगे चेष्टा कोरुन, मोशाय! शोबाई चेष्टा कोरेई शेखे. चेष्टा कोरुन!"

दिगंबररावांचे कान तापले. बाकीचं बंगाली त्यांना कळलं नाही, पण हा शब्द मात्र पुन्हा पुन्हा, अगदी स्वच्छ मराठीत ऐकू आला. चेष्टा करून! हा माणूस चेष्टा करतो, वर तसं तोंडावर सांगतो, आणि बाकीचे हसतात. आंधळा माणूस! ज्याला सगळं ठाऊक असायला हवं, त्याने असं करावं? ते सुन्न होऊन पायऱ्या उतरले. आयुष्यात त्यांची चेष्टा भरपूर झाली होती, पण ती करण्याचा हक्क एकाच बाईला होता. या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच ठरवून टाकलं.

मग हिवाळाभर त्यांनी टोचलं. डावीकडून उजवीकडे, तक्त्यात दिसतं तसं, एकेक ठिपका. दिसायला सगळं बरोबर दिसत होतं. पानाखालून बोट फिरवलं की उंचवटेही छान लागायचे. बोटांना अक्षरं अजून येत नव्हती, डोळे मात्र खड्डे सरळ वाचत होते. पुढे पुढे तर नलिनी शेजारी बसून बोलते आहे असं त्यांना वाटायचं. नाटकातली बायको नवऱ्याला म्हणायची, "अहो, दहा वर्षं या गावात राहून तुम्हाला अजून माशाचा वास येतो? मला तुमच्या बोलण्याचा अर्थसुद्धा येईनासा झालाय!" हे वाक्य त्यांनी पूर्वी गाळलं होतं. आता त्यांनी ते पूर्ण उतरवलं, एक ठिपकाही कमी केला नाही.

उन्हाळ्यात पेटीतलं शेवटचं नाटुकलं उतरवून झालं. तोवर डाव्या डोळ्यालाही कडेकडेने अंधार धरू लागला होता.

ते फार दिवस लपलं नाही. परीक्षा संपल्यावर एका सकाळी कालिंदी आतून म्हणाली, "बाबा, चहा खाणार?" बंगालीत चहा खातात, म्हणून ती मराठीतही खायची. "आण, मी ओततो," असं म्हणून दिगंबररावांनी किटली घेतली आणि कपाच्या शेजारी, टेबलावर, चहा ओतायला सुरुवात केली. चहा टेबलावरून ओघळून त्यांच्या धोतरावर आला, तरी ते ओततच राहिले.

कालिंदी दारात थिजली. मग तिने पुढे होऊन किटली काढून घेतली.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"बरेच."

"आणि मला बोलला नाही?"

"तुझी परीक्षा होती."

"परीक्षा!" ती किंचाळली. "माझा बाप आंधळा होतोय आणि मी बसून पाठ करतेय! लोक काय, मीच मला काय म्हणू?" मग ती रडली. दिगंबररावांना ते सोसवलं नाही. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून त्यांनी पलंगाखालून खोकं ओढलं. "हे बघ. तुझ्या आईचं सगळं उतरवलंय मी. आता बोटांनी वाचायचं शिकलं की झालं. काही बिघडत नाही."

कालिंदीने डोळे पुसले आणि बापाला शिकवायला त्याच दिवशी कंबर कसली. तिने पुस्तिका घेतली. बंगाली तिला काय, पाण्यासारखं. ती पहिल्या पानापासून वाचायला लागली आणि वाचता वाचता मराठी करून सांगू लागली.

"लिहिताना… लिहिताना पान उलटा असतो. ठिपके मागच्या बाजूने उठतात. म्हणून लिहायचं नेहमी उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक अक्षर तक्त्याच्या उलट, आरशातल्यासारखं…" ती थांबली. "हे जाड अक्षरांत दिलंय, बाबा. खाली रेघ पण आहे."

दिगंबररावांनी खोक्यावर हात ठेवला.

"तुम्ही उजवीकडून लिहिलंत ना?"

 त्यांचा हात खोक्यावरच होता. हात उचलायचा की तसाच ठेवायचा हे त्यांना कळत नसावं. पहिल्याच पानावर, जाड अक्षरांत! एक हिवाळा, एक उन्हाळा, उरलीसुरली नजर, सगळं या खोक्यात ओतलं होतं. पेन्सिलीचे कागद होते, पण ते वाचणारे डोळे आता चहाचा कपसुद्धा शोधू शकत नव्हते. नलिनी दुसऱ्यांदा गेली, असं त्यांना वाटलं, आणि या वेळी तिला आपणच नेऊन सोडलं.

"तुम्ही कुणाला विचारलं नाही?" कालिंदी कुजबुजली.

"विचारलं होतं," ते म्हणाले.

शनिवारी ती त्यांना संघात घेऊन गेली. ते येत नव्हते, तिने अक्षरशः ओढत नेलं. खोकं तिच्या डोक्यावर, बापाचा हात तिच्या खांद्यावर. वर गेल्यावर तिने खोकं टेबलावर आपटलं आणि जे बोलायचं ते अस्सल बागबाजारी बंगालीत बोलून घेतलं. खोलीतली माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली. निखिलेशबाबूंनी शांतपणे वरचं पान काढलं आणि त्यावर बोट टेकवलं.

बोट डावीकडून थोडं पुढे गेलं, थांबलं, परत आलं. म असायला हवा तिथे श, र च्या जागी ठ, ह च्या जागी ज. त्यांनी दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं. मग बोट उजव्या कडेला नेऊन ते उलट्या दिशेने हळूहळू सरकवलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सगळं असंच आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळं," कालिंदी म्हणाली.

"एक ठिपका चुकलेला नाही यात." निखिलेशबाबूंचा आवाज चढला. चांगल्या कामाची नासाडी झालेली पाहून कारागीर चिडतो, तसे ते चिडले होते. दिगंबररावांच्या दिशेने वळून ते हिंदीत म्हणाले, "एक बार पूछना तो था! एक शब्द! आदमी पूछता क्यों नहीं?"

दिगंबरराव पाहतच राहिले, म्हणजे पाहता येईल तेवढे. मग म्हणाले, "पूछा था. इसी जगह. आपने चेष्टा किया."

"मैंने?" निखिलेशबाबू गोंधळले. "नहीं, नहीं. चेष्टा आपको करने को बोला होगा. वो तो मैं सबको बोलता हूँ."

"सबको?" दिगंबररावांना खरोखर धक्का बसला. दारात येणाऱ्या प्रत्येकाची चेष्टा करतो, आणि हे असं उघड कबूल करतो! "शरम नहीं आता?"

"इसमें शरम क्या? चेष्टा के बिना कोई सीखता है?"

कालिंदी एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. घरातला शब्द आणि गल्लीतला शब्द तिच्या डोक्यात आजवर दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवलेले होते. ते आज पहिल्यांदा शेजारी आले, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"बाबा," ती म्हणाली, "चेष्टा मंजे प्रयत्न. बंगालीत चेष्टा मंजे प्रयत्न करणं! ते तुम्हाला प्रयत्न करा म्हणत होते!" आणि लगेच निखिलेशबाबूंकडे वळून बंगालीत, "आमच्याकडे चेष्टा म्हणजे ठाट्टा. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांची ठाट्टा करताय."

छापखान्याच्या यंत्राचा खालून आवाज येत होता. खोलीत कुणी हसलं नाही. निखिलेशबाबूंनी पानावरचं बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

"मला हे आठवत नाही," ते म्हणाले. "खरं सांगतो, आठवत नाही. इतके लोक येतात. दोन दिवस विचारतात आणि जातात. मला वाटलं असेल, हाही गेला." कालिंदीने मराठी करून सांगितलं.

"त्यांना म्हणावं," दिगंबरराव मराठीतच बोलले, कारण आता हिंदी त्यांना पुरेना, "मी गेलो नव्हतो. मी कचेरीत बसून हेच करत होतो. आणि त्या शब्दाचा अर्थ मला कळला असता, तरी काय झालं असतं? प्रयत्न कर म्हणाले ना? हे बघा म्हणावं, खोकं भरून प्रयत्न आहे! प्रयत्नाला मी कुठे कमी पडलो? मला एवढंच सांगायला हवं होतं, की उजवीकडून. एवढंच!" बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

कालिंदीने हे सगळं शब्दाला शब्द सांगितलं. निखिलेशबाबू उठून उभे राहिले. काय करावं हे न सुचल्यासारखे ते टेबलाच्या कडेकडेने चाचपत दिगंबररावांपर्यंत आले. क्षमा मागितली नाही, मागता आली नसावी. म्हणाले, "हरवलं नाही. आरशात आहे, पण आहे. मला उलटं वाचता येतं. भाषा कळली नाही तरी ठिपक्याला ठिपका मी सुलटा करीन. मी स्वतः करीन. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

दिगंबररावांनी थोडा विचार केला. मग कालिंदीला म्हणाले, "करू दे त्यांना. पण ती प्रत संघाच्या फळीवर ठेवा म्हणावं. मराठी वाचणारा कुणी आंधळा कधी आलाच, तर त्याला द्या. नाटकं बसवायचीच असतात, लोकांनी बसवावीत. मला नको. मला माझीच पानं पुरे आहेत."

"पण ती उलटी आहेत, बाबा!"

"उलटी आहेत, पण सगळी सारखीच उलटी आहेत. मी उलटं शिकेन."

निखिलेशबाबूंनी फार समजावलं. बोटाला एकदा वाकडी सवय लागली की लागली, मग सरळ पुस्तक हातात आलं तर वाचता यायचं नाही, जगातली बाकीची सगळी पुस्तकं सरळच असतात. दिगंबरराव ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "जगातली बाकीची सगळी पुस्तकं मी कुठे वाचणार आहे?"

पूजेपर्यंत डाव्या डोळ्यातला राहिलेला उजेडही गेला. कचेरीतून निरोप मिळाला, हार मिळाला, साहेबांनी भाषणात त्यांचं नाव मजुमदार असंच घेतलं. निखिलेशबाबू शनिवारी-शनिवारी येऊन टोचलेली चार-चार पानं घेऊन जात आणि जुनी परत आणून देत. एकदा कालिंदी म्हणाली, "निखिलेशकाका आता नवा माणूस आला की आधी त्याचा हात मागतात. हात धरून, टोचा कागदाच्या उजव्या कडेला ठेवतात, मग नाव विचारतात."

"ज्योतिषी झाला म्हण की," दिगंबरराव म्हणाले.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी ते गॅलरीत उन्हाला बसले होते. मांडीवर पान होतं. बोट उजवीकडून डावीकडे, अडखळत, पण चालत होतं. कालिंदी कपडे वाळत घालत होती. मागे हसण्याचा आवाज आला म्हणून तिने वळून पाहिलं. बाबा एकटेच हसत होते. बोट ओळीच्या सुरुवातीला परत नेलं आणि पुन्हा हसले. आई गेल्यापासून हे हसणं तिने ऐकलं नव्हतं. ओला कपडा तसाच हातात राहिला.

"काय लिहिला आहे आई?" तिने विचारलं.

"सांगून गंमत नाही."

तिने कपडा दोरीवर टाकला. मग हात पदराला पुसून त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "मग मला शिकवा. हेच, उलटं."

दिगंबररावांनी तिचा हात शोधला. बोट ओलं आणि गार होतं. ते त्यांनी आपल्या धोतराला पुसून कोरडं केलं, पानाच्या उजव्या कडेला नेलं आणि पहिल्या अक्षरावर ठेवलं.

"हे काय?" तिने विचारलं.

"अ."

तिने बोट पुढे सरकवलं, हरवलं, परत कडेला आणलं. "हे काय?"

"अ," दिगंबरराव म्हणाले.

ती पुन्हा चुकली आणि पुन्हा तिथेच आली. तिने तेच अक्षर पुन्हा विचारलं, आणि त्यांनी ते पुन्हा सांगितलं.